भिंतीवर घण घालण्याआधी
चाळीत, वाडीत, सोसायटीत घरकाम काढताना परवानगी कधी लागते आणि कधी नाही

गणपती जवळ आले की गिरगाव-लालबागच्या चाळींत रंगारी दिसू लागतात. घरात लग्न ठरले की मोरी मोठी करण्याचा, पोटमाळा काढण्याचा, मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करण्याचा बेत निघतो. मिस्त्री येतो, भिंतीवर टकटक करून पाहतो आणि म्हणतो, "ही साधी पार्टिशनची भिंत आहे, उद्याच काढून टाकू." घरातले कुणीतरी विचारते, "परवानगी?" त्यावर उत्तर ठरलेले असते, "आतल्या कामाला कसली आलीय परवानगी? सगळेच करतात."

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते घात करते. घरातली बरीच कामे परवानगीशिवाय करता येतात; ती मोकळीक कायद्यानेच दिली आहे. पण ही मोकळीक कुठे संपते हे काम लहान की मोठे, आत की बाहेर, दोन दिवसांचे की दोन महिन्यांचे यावर ठरत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे. या कामाने इमारतीचा सांगाडा बदलतो का? तिची मापे बदलतात का? जागेचा वापर बदलतो का? तिन्हींचे उत्तर ठामपणे 'नाही' असेल तर काम सहसा मोकळे आहे. एकाचेही उत्तर 'हो' असेल, किंवा ठामपणे सांगताच येत नसेल, तर घण उचलण्याआधी कागद हवा.

दोन कायदे, दोन्ही वाचायचे

मुंबईत घराच्या कामाला दोन मुख्य कायदे लागू होतात. एक मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. हा दुसरा कायदा 'एमआरटीपी' या नावाने ओळखला जातो. त्यांच्या जोडीला २०१८ पासून लागू झालेली विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ आहे. किती बांधता येईल, कुठे किती मोकळी जागा सोडायची, जिना किती रुंद हवा, हे ती ठरवते.

एमआरटीपीचे कलम ४३ सांगते की परवानगीशिवाय कोणताही 'विकास' करता येणार नाही. त्याच कलमात अपवादही आहे. ज्या देखभालीचा, सुधारणेचा किंवा फेरफाराचा परिणाम केवळ इमारतीच्या अंतर्भागावर होतो, किंवा ज्याने बाहेरचे रूप फारसे बदलत नाही, त्या कामाला ही परवानगी लागत नाही. 'आतल्या कामाला परवानगी नाही' हा समज इथूनच आला आहे, आणि बहुतेकजण इथेच वाचायचे थांबतात.

महापालिका अधिनियमाचे कलम ३४२ मात्र अधिक कडक आहे. इमारतीत वाढ करायची असेल, तिचा वापर बदलायचा असेल, किंवा तिचा एखादा भाग काढून, बदलून, पुन्हा उभारून दुरुस्ती करायची असेल, तर आयुक्तांना आधी रीतसर सूचना द्यावी लागते. यातून सूट आहे ती फक्त भाडेकरू दुरुस्तीला. ठेकेदारांच्या आणि वॉर्ड ऑफिसच्या भाषेत 'टेनंटेबल रिपेअर'. म्हणजे एमआरटीपीच्या दृष्टीने मोकळे असलेले आतले कामही महापालिका अधिनियमात अडकू शकते. मधली भिंत काढणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

ही कामे खुशाल करा

भाडेकरू दुरुस्ती म्हणजे नेमके काय, याची यादी कलम ३४२च्या स्पष्टीकरणातच दिली आहे. ती अशी:

• खांब, तुळया, भिंतींना गनायटिंग करणे (दाबाने सिमेंटचा थर फवारणे)
• गिलावा, रंग, भिंतीच्या दर्जा भरणे
• लादी बदलणे
• असलेले शौचालय, न्हाणीघर, धुण्याची जागा दुरुस्त करणे
• सांडपाण्याचे पाइप, नळ, मॅनहोल आणि तत्सम फिटिंग दुरुस्त करणे वा बदलणे
• नळजोडणी, स्वच्छतेची व विजेची फिटिंग दुरुस्त करणे वा बदलणे
• छप्पर त्याच साहित्याने बदलणे

स्वयंपाकघरातला तुटका कडप्पा बदलणे, जुनी वायरिंग काढून नवी टाकणे, गळका पाइप बदलणे, घर रंगवणे यांसाठी महापालिकेच्या परवानगीची गरज नाही. कुणी नोटिशीची भीती घालून पैसे मागत असेल तर ही यादी त्याच्यासमोर ठेवा.

गनायटिंगबाबत मात्र एक सल्ला. यादीत असले तरी ते सांगाड्याचे काम आहे. खांबाचे काँक्रीट फुटून सळई दिसू लागली असेल तर वरून थर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गंजलेल्या सळईवरचा नवा थर दुखणे झाकतो, बरे करत नाही.

इथे थांबा

त्याच स्पष्टीकरणात भाडेकरू दुरुस्तीत काय येत नाही हेही लिहिले आहे. बांधकामाची आडवी वा उभी मापे बदलणे. सांगाड्याचा कोणताही भाग किंवा भार पेलणारी भिंत काढणे वा बदलणे. जोते, पाया किंवा जमीन खाली नेणे. पोटमाळा वा मेझनाइन नव्याने घालणे किंवा वाढवणे. उतरते छप्पर सपाट करणे किंवा वेगळ्या साहित्याने दुरुस्त करणे. आपल्याकडच्या घरांत ही पाच कलमे कोणत्या रूपात समोर येतात ते पाहू.

*मधली भिंत.* दादर-परळच्या आरसीसी इमारतीत भार खांब आणि तुळया पेलतात, मधल्या विटांच्या भिंती बहुधा फक्त आडोशाच्या असतात. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत मात्र विटांची जाड भिंत हाच आधार असतो, किंवा लाकडी खांबांच्या चौकटीत विटा भरलेल्या असतात. वरच्या मजल्याच्या कड्या याच भिंतीवर टेकलेल्या असतात. टकटक केल्याने हे कळत नाही. ते गिलावा सोलून, कड्या कोणत्या दिशेने जातात ते पाहून कळते, आणि ते पाहणे इंजिनिअरचे काम आहे. भिंत आडोशाचीच निघाली तरी ती पाडण्याआधी लेखी अभिप्राय आणि वॉर्ड ऑफिसचे म्हणणे घ्या.

*मोरी आणि शौचालय.* गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक शौचालयाचा त्रास ज्याने काढला आहे, विशेषतः घरात वृद्ध आई-वडील असताना, त्याला खोलीत शौचालय हवेसे वाटणे अगदी रास्त आहे. पण असलेले शौचालय दुरुस्त करणे वेगळे आणि मोरीच्या जागी नवे बसवणे वेगळे. दुसऱ्या कामाला परवानगी लागते, कारण मलवाहिनी नव्याने जोडावी लागते आणि जमिनीवर बोजा वाढतो.

हा बोजा किती असतो ते एकदा मोजून पाहा. चार फूट बाय चार फुटांची मोरी. पाइपला उतार मिळावा म्हणून जमीन एक फूट उचलली आणि खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला. सोळा घनफूट झाला. त्याचे वजन पाऊण टनाच्या आसपास जाते. म्हणजे दहा-अकरा मोठी माणसे त्या सोळा चौरस फुटांत कायमची उभी केल्यासारखे. शंभरी गाठलेल्या सागवानी कड्यांवर हे ओझे रात्रंदिवस राहते. त्यातून नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी झिरपले तर ते थेट कडीच्या भिंतीत रुतलेल्या टोकापर्यंत पोचते. लाकूड कुजते ते नेमके याच टोकाला, कारण तिथे वारा लागत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल दिसते तोवर बरेच बिघडलेले असते.

*पोटमाळा.* सामान ठेवायची फळी आणि झोपायचा माळा यांत कायदा फरक करतो. लॉफ्ट ही फक्त साठवणीची जागा मानली जाते आणि तिची उंची १.५ मीटरपर्यंतच चालते. माणूस उभा राहील असा माळा घातला की ते चटईक्षेत्र वाढवणे झाले. तुमचा पोटमाळा आजोबांच्या काळातला असेल तर त्याचा पुरावा जपून ठेवा. राहत्या जागेच्या जुन्या बांधकामांसाठी महापालिका १७ एप्रिल १९६४ ही तारीख धरते, बिगरनिवासी जागांसाठी १ एप्रिल १९६२. त्याआधीचे बांधकाम असल्याचे करआकारणीच्या जुन्या नोंदींवरून दाखवता आले तर त्याला संरक्षण मिळते. पण जुना लाकडी माळा काढून लोखंडी चॅनलवर नवा, थोडा उंच, थोडा रुंद माळा घातला की हे संरक्षण धोक्यात येते.

*गॅलरी.* चाळीची गॅलरी ही सर्वांची वाट आहे आणि आग लागली तर सुटकेचा मार्गही तोच. तिचा तुकडा दरवाजा लावून आत घेता येत नाही, शेजारी तयार असले तरी नाही. फ्लॅटची बाल्कनी खोलीत घेणे, २०१२ पूर्वीच्या इमारतींतले फ्लॉवर बेड लादी लावून खोलीला जोडणे, खिडकीबाहेर दोन फूट ग्रिल काढून त्यावर सामान रचणे, या सगळ्यांत मापे किंवा बाहेरचे रूप बदलते. बाल्कनी बंद केलेली असेल तर ती मंजूर नकाशात तशी दाखवली आहे का ते पाहा.

*छप्पर.* मंगलोरी कौले काढून मंगलोरी कौले घालणे ही दुरुस्ती. कौले काढून पत्रा घालणे किंवा उतार काढून स्लॅब टाकणे याला परवानगी लागते. गच्चीवरची पावसाळी शेडही वॉर्डातून परवानगी घेऊन, त्या मुदतीपुरतीच घालायची असते.

*वापर.* तळमजल्यावरच्या खोलीत दवाखाना, दुकान किंवा गोदाम सुरू करताना एक वीटही हलवली नाही तरी तो वापरातला बदल ठरतो.

हा अट्टहास कशासाठी?

डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केट इमारत २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे कोसळली. ६१ माणसे गेली. त्यांत महापालिकेचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय होते. इमारत शंभर वर्षांची नव्हती, तिशीतली होती. तळमजल्यावरच्या गाळ्यात केलेल्या अनधिकृत फेरफारांकडे तपासात बोट दाखवले गेले. घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीत २५ जुलै २०१७ रोजी १७ जण दगावले, तेव्हा तिथेही तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम चालू होते. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांपैकी कुणी खाली घण घातला नव्हता.

परवानगीचा खरा अर्थ इथे आहे. आपल्या खोलीची भिंत ही वरच्या तीन बिऱ्हाडांची जमीन असते. तिला हात लावण्याआधी एका जाणकाराने आकडेमोड केली, सही केली आणि जबाबदारी घेतली, एवढीच कायद्याची मागणी आहे.

विचारायचे कुणाला?

महापालिकेच्या आधी घरमालक किंवा सोसायटी येते. कामाचा प्रकार काहीही असो, हा टप्पा टाळू नका.

*पागडीची खोली असेल तर.* महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा खाली करायला लावण्याचे कारण ठरते. मात्र त्याच कलमात भाडेकरूला दिलासाही आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठी आवश्यक खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, धुराडे ही कामे, जिथे लागेल तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर ती कायमस्वरूपी बांधकामात मोजत नाहीत. तरीही मालकाला पत्र द्या आणि त्याची पोच ठेवा. तोंडी 'करा की' वीस वर्षांनी कोर्टात सिद्ध करता येत नाही.

*उपकरप्राप्त इमारत असेल तर.* शहर भागात, म्हणजे माहीम-सायनपर्यंत, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत बांधलेल्या बहुतेक भाड्याच्या इमारती उपकर भरतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात, त्यानंतरच्या 'क' वर्गात येतात. या इमारतींच्या सांगाड्याची दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते. तुमच्या कड्या, खांब, जिना खराब झाला असेल तर आधी मंडळाकडे लेखी तक्रार करा. रहिवाशांनी स्वखर्चाने ते काम करायचे असेल तर मंडळाचे ना-हरकत पत्र घ्या. मंडळाने लावलेला टेकू घरात अडचण होते म्हणून स्वतः काढू नका. तो कुणाचा भार पेलतो आहे हे खालून दिसत नाही.

*बीआयटी किंवा बीडीडी चाळ असेल तर.* बीआयटी चाळींची मालक महापालिका, बीडीडी चाळींचे मालक राज्य सरकार. नियामक म्हणून परवानगी वेगळी आणि मालक म्हणून संमती वेगळी, हे इथे विसरायचे नाही.

*सहकारी सोसायटी असेल तर.* आदर्श उपविधींनुसार फेरफाराआधी समितीची लेखी परवानगी लागते. सोसायटीची परवानगी म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, आणि महापालिकेची परवानगी आहे म्हणून सोसायटीला डावलताही येत नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे तिचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले असायला हवे. तो अहवाल मागून वाचा. इमारत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर घर सजवण्याचा बेत सोडून द्या. 'सी-२अ' किंवा 'सी-२ब' असेल तर आधी इमारतीची मोठी दुरुस्ती, मग तुमच्या घराची.

*वारसा यादीत असेल तर.* मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. गिरगावची खोताचीवाडी तिच्या लाकडी सज्जांसह या यादीचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आहे. इथे डागडुजी, रंगरंगोटी आणि खास घडणीचे भाग बदलणे यांनाही पूर्वपरवानगी लागू शकते, आणि महापालिका त्यासाठी मुंबई वारसा जतन समितीचे मत घेते. २०१२ च्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कचाही समावेश होता आणि त्यावरून बरीच चर्चा झाली होती. म्हणून आपल्या इमारतीची आजची स्थिती काय आहे ते ऐकीव माहितीवर न ठरवता तपासून घ्या.

नव्या बांधकामाला किंवा वाढीव मजल्याला आणखी ना-हरकती लागतात. गिरगाव व दादर चौपाटीजवळ सागरी किनारा नियमन क्षेत्राची, रेल्वेहद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेची, भुयारी मेट्रोच्या मार्गालगत मेट्रो प्रशासनाची.

अर्जाची वाट

पहिले काम कागदांचे. भाडेपावती किंवा शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचे बिल, आणि जागेचा सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक त्याच्या डिव्हिजनसह. शहर भागात गिरगाव डिव्हिजन, परळ-शिवडी डिव्हिजन, दादर-नायगाव डिव्हिजन, माहीम डिव्हिजन अशा नावांनी या नोंदी आहेत, आणि डिव्हिजन चुकली तर दुसऱ्याच इमारतीचा कागद हाती येतो. इमारतीचा मंजूर नकाशा सोसायटीकडे किंवा मालकाकडे नसेल तर माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याकडे मागा. नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांत आधीच फरक असेल, कारण आधीच्या मालकाने काही केलेले असेल, तर तो आत्ताच कळणे चांगले.

दुसरे, माणूस. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक सर्व्हेअर नकाशा करून अर्ज दाखल करतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर भाराचा हिशेब देतो. मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्या सहीला इथे किंमत नाही.

तिसरे, दार. काम दुरुस्तीच्या आसपासचे असेल तर वॉर्ड ऑफिसमधल्या इमारत व कारखाने खात्यात जा. गिरगावचा काही भाग 'सी' आणि काही 'डी' वॉर्डात येतो. परळ-लालबाग 'एफ-दक्षिण', दादर पश्चिम 'जी-उत्तर', हिंदू कॉलनी-पारशी कॉलनी 'एफ-उत्तर', प्रभादेवी व लोअर परळ 'जी-दक्षिण' वॉर्डात. काम वाढीव बांधकामाचे असेल तर प्रकरण इमारत प्रस्ताव खात्याकडे जाते. काम कोणत्या प्रकारात मोडते याची शंका असेल तर कामाचे साधे वर्णन आणि हाताने काढलेला आराखडा जोडून लेखी विचारा. लेखी प्रश्नाची पोच हासुद्धा पुढे उपयोगी पडणारा कागद आहे.

अर्ज दिला, मुदत उलटली, उत्तर आले नाही, म्हणून परवानगी मिळाली असे धरून चालू नका. एमआरटीपीत मानीव परवानगीची तरतूद आहे, पण ती टिकते ती काम सर्व नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. आधी स्मरणपत्र द्या.

परवानगी आली की तिची एक प्रत कामाच्या जागी लावा. दररोजच्या कामाचे तारखेसह फोटो काढा, भिंत फोडण्याआधीचे विशेषतः. मलबा रस्त्याच्या कडेला किंवा शेजारच्या बोळात टाकू नका; तो उचलण्यासाठी महापालिकेची वेगळी सेवा आहे. आणि खालच्या-वरच्या बिऱ्हाडांना आधी सांगा. वॉर्डातल्या बहुतेक तक्रारी शेजाऱ्यांकडून जातात, आणि त्यांतल्या कितीतरी केवळ त्यांना न विचारल्यामुळे जातात.

नोटीस आली तर

महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४अ ची नोटीस म्हणजे चालू काम थांबवा आणि २४ तासांत परवानगी दाखवा. कलम ३५१ ची नोटीस म्हणजे झालेले काम का पाडू नये याचे कारण द्या. कलम ३५४ ची नोटीस वेगळी आहे. ती मोडकळीला आलेल्या, धोकादायक इमारतीसाठी असते. नोटीस दारावर चिकटवली म्हणून फाडून टाकू नका. ती कोणत्या कलमाखाली आहे, कोणत्या तारखेची आहे, मुदत किती, हे आधी वाचा. काम थांबवा, आणि मुदतीच्या आत कागदांसह लेखी उत्तर द्या. मुदत गेली की बाजू कितीही खरी असली तरी ती मांडायची जागा लहान होत जाते. एमआरटीपीच्या कलम ५२ खाली अनधिकृत विकासासाठी एक महिना ते तीन वर्षे कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. नियमांत बसणारे काम परवानगीशिवाय केले असेल तर ते नियमित करून घेण्याची वाट असू शकते. सांगाड्याला धक्का लावणारे काम मात्र नियमित होत नाही, ते मूळपदावर आणावे लागते.

अनधिकृत कामाचा आणखी एक तोटा चाळकऱ्यांनी ध्यानात घ्यावा. इमारत पुनर्विकासाला गेली की पात्रता आणि क्षेत्रफळ नोंदींवरून ठरते. गॅलरी आत घेऊन किंवा नवा माळा घालून वाढवलेली जागा तिथे हक्काची म्हणून मोजली जात नाही. उलट तिच्यावरून तुमच्या पात्रतेची तपासणी लांबते.

पूर्ण नवे घर बांधायचे असेल तर

वाडीतले बैठे घर पाडून नवे बांधणे किंवा वर मजला चढवणे याला परवानगी लागते, इथे शंकाच नाही. आधी सशर्त मंजुरीचा आयओडी, मग काम सुरू करण्याचा सीसी, जोत्यापर्यंत बांधून झाले की जोत्याची तपासणी, पुढच्या बांधकामाचा सीसी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. यांतला एकही टप्पा मागे ठेवू नका. विशेषतः ओसीशिवाय राहायला जाऊ नका. पाण्याची नियमित जोडणी, कर्ज आणि पुढची विक्री, सगळे तिथे अडते.

आपल्यापैकी अनेकांचे दुसरे घर कोकणात किंवा घाटावर असते. तिथे मुंबईची नियमावली लागू नाही. मुंबई महापालिकेची हद्द आणि काही विशेष क्षेत्रे सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आहे. तिच्यात लहान भूखंडांवरच्या घरांसाठी सोपी पद्धत आहे. जमीन गावठाणात आहे की शेतीची, किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे, यावर तिथली वाट ठरते. म्हणून गावच्या अनुभवावरून मुंबईत आणि मुंबईच्या अनुभवावरून गावात काम काढू नका.

घराचे काम काढणार असाल तर मिस्त्रीला बयाणा देण्याआधी एवढे करा. कामाची यादी कागदावर लिहा. प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न लिहा: सांगाडा बदलतो का, मापे बदलतात का, वापर बदलतो का. जिथे 'हो' किंवा 'माहीत नाही' येईल तिथे एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा आणि त्याचे मत लेखी घ्या. त्याची फी बहुधा एकूण खर्चाच्या मानाने अगदी थोडी असते. आणि शेजारी कुणी परवानगीशिवाय खांबाला किंवा भिंतीला हात घालत असेल तर भिडेपोटी गप्प बसू नका. आधी त्याच्याशी बोला, ऐकले नाही तर त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा. तुमची माणसेही त्याच इमारतीत झोपतात.